उत्तर न सांगणारा गुरू

बी.एड.च्या सराव पाठाला मागच्या बाकावर निरीक्षक बसतात. त्यांच्या हातात छापील तक्ता असतो: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ. प्रत्येकासमोर गुणांची चौकट. हा तक्ता घेऊन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला पाठ तपासायला बसलं, तर येशू काठावरसुद्धा पास व्हायचा नाही.

एक शास्त्री उभा राहून सरळ विचारतो, गुरुजी, सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून मी काय करू? येशू उत्तर देत नाही. उलट त्यालाच विचारतो, नियमशास्त्रात काय लिहिलंय? तू काय वाचतोस? शास्त्री पाठ असलेलं घडाघडा म्हणतो: देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. बरोबर, मग तसंच कर. इथे तास संपायला हरकत नव्हती. पण शास्त्र्याला तेवढ्यावर जायचं नसतं, तो आणखी विचारतो, माझा शेजारी कोण? आता तरी व्याख्या मिळावी. मिळते एक गोष्ट. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता, लुटारू, अर्धमेला पडलेला माणूस, बाजूने निघून जाणारा याजक, तसाच मंदिराचा सेवक लेवी, आणि थांबणारा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना तिरस्काराचा वाटणारा परका. गोष्ट संपते आणि शेवटी पुन्हा प्रश्नच: या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी कोण झाला?

शास्त्र्याने विचारलं होतं, माझ्या प्रीतीची यादी कुठे थांबते. त्याला परत मिळालेला प्रश्न मात्र तो स्वतः काय करतो याबद्दलचा आहे. आणि त्याचं उत्तर वाचताना मला दर वेळी थोडं हसू येतं. ‘शोमरोनी’ हा शब्द काही त्याच्या तोंडातून निघत नाही. ‘ज्याने दया केली तो,’ असं म्हणून तो नाव टाळतो. वर्गात अशी मुलं मी खूप पाहिली आहेत. उत्तर कळलेलं असतं, पण ते उच्चारलं की स्वतःवर येतं, म्हणून ती वळसा घेतात. येशूने तो वळसा चालवून घेतला. नाव म्हणून दाखव, असा आग्रह धरला नाही. जा, तूही तसंच कर, एवढंच.

मी नगरला माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि रविवारी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शाब्बाथ शाळेत मोठ्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण बोलताना नगरच येतं. गणिताच्या शिक्षकाला येशूची पद्धत सुरुवातीला पचत नाही. आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते. उदाहरण सुटलं की नाही, हे पान उलटून कळतं. शुभवर्तमानात मात्र प्रश्नांचा खच आहे आणि उत्तरसूचीची पानंच नाहीत. तुम्ही मला कोण म्हणता? तू बरा व्हावंस अशी तुझी इच्छा आहे का? का भिता? तुझ्यावर आरोप ठेवणारे कुठे आहेत? यातले बरेच प्रश्न इतके साधे आहेत, की ज्याला विचारले त्याला अपमान वाटावा. अडतीस वर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाला ‘बरं व्हायचंय का’ हे काय विचारणं झालं? पण त्या माणसाचं उत्तर वाचा. पाणी हलल्यावर जो पहिला तळ्यात उतरेल तो बरा होतो, असा तिथे समज होता. तो हो म्हणत नाही. पाणी हलतं तेव्हा मला तळ्यात सोडायला कोणी नाही, माझ्या आधी दुसराच उतरतो, ही तक्रार सांगतो. तक्रार खरीही असेल. पण विचारलं होतं वेगळंच.

आपण मंडळीत काय केलं, तर या प्रश्नांचं गाइड काढलं. हरवलेला मुलगा म्हणजे पापी, बाप म्हणजे देव, थोरला म्हणजे परूशी, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, तो जखमीला नेतो ती उतारशाळा म्हणजे मंडळी. गाइड घेतलेल्या मुलाला जसं धड्याचं पुस्तक उघडावं लागत नाही, तसं आपल्याला दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, ऐकावी लागत नाही. उपदेश सुरू व्हायच्या आधीच उत्तर हाताशी असतं. पाळकसाहेब तीन मुद्दे सांगतात, तिन्ही एकाच अक्षराने सुरू होणारे, आणि आपण घरी जाऊन मटण शिजायला ठेवतो. शाब्बाथ शाळेत तर प्रश्न कोणताही असो, पहिला हात वर करणाऱ्याचं उत्तर ‘येशू’ असतं. शंभरातल्या ऐंशी वेळा ते बरोबरही असतं, म्हणून कोणी काही बोलत नाही.

पाठांतराला माझा विरोध नाही. लहानपणी आम्हाला दर रविवारी एक वचन पाठ करायला असायचं आणि म्हणून दाखवलं की रंगीत चित्राचं कार्ड मिळायचं. ती वचनं आज दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर आपोआप आठवतात. ते फार मोठं देणं आहे. पण पाठ असणं आणि शिकणं यांच्यात केवढी दरी आहे, हे मार्कच्या आठव्या अध्यायात येशूनेच दाखवलं आहे. शिष्य तारवात आहेत, भाकरी आणायला विसरलेत, सगळ्यांत मिळून एकच भाकर. येशू परूश्यांच्या आणि हेरोद राजाच्या खमिराबद्दल काही सांगतोय आणि यांची कुजबुज चाललीय भाकरीची. मग त्याची प्रश्नांची फैर सुटते. अजून समजत नाही का? डोळे असून दिसत नाही का? आठवत नाही का? आणि नंतर थेट तोंडी परीक्षा: पाच हजारांना पाच भाकरी मोडल्या तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या किती टोपल्या भरल्या? बारा. चार हजारांच्या वेळी? सात. दोन्ही उत्तरं अचूक. पैकीच्या पैकी गुण. ‘तरी अजून तुम्हाला समजत नाही काय?’ असं विचारून तो प्रसंग तिथेच तुटतो. समजलं का, कोणाला समजलं, मार्क सांगत नाही. पेपर तपासताना मला हे तारू हमखास आठवतं. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि मुलाला आपण नेमकं काय काढलं याचा पत्ता नाही.

आता कोणी म्हणेल, येशूने सरळही सांगितलं आहेच की. खरं आहे. आम्हाला प्रार्थना करायला शिकवा, असं एका शिष्याने म्हटल्यावर त्याने प्रश्न घातले नाहीत, प्रार्थना दिली. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, याचंही थेट उत्तर दिलं. डोंगरावरचं प्रवचन तर आज्ञांनी भरलेलं आहे: वैऱ्यांवर प्रीती करा, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका, उद्याची चिंता करू नका. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट आमच्याकडे घरोघर माहीत आहे. आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी ते खिळून राहिले. तत्त्वज्ञानातल्या गहन प्रश्नांची उत्तरं आपल्याला त्या तीन अध्यायांत मिळाली, असं त्यांनी सांगितलं आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे टिळकांना उत्तरं मिळाली आणि मी बसले आहे प्रश्न मोजत. टिळकांशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. पण मला वाटतं, त्यांनाही पुढे ती उत्तरं पुरली नसावीत, कारण आयुष्यभर ते काही ना काही नव्याने करून पाहत राहिले. अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. ‘वैऱ्यावर प्रीती करा’ एवढी आज्ञा मिळाली, तरी कोणता वैरी, कुठल्या दिवशी, किती वाजता, हे आपल्यालाच काढावं लागतं.

मला टिळकांपेक्षा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात, हे इथे सांगून टाकते. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर त्या बराच काळ वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या तेव्हाही सोवळं पाळत होत्या. त्यांचं सोवळं कोणाच्या उपदेशाने सुटलं नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला, त्याचा पिच्छा पुरवला, आणि मग कोणाच्याही हातचं खायला त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. घरात एवढा मोठा उपदेशक असताना बाई आपल्या गतीने, आपल्या स्वयंपाकघरातून आली. पंडिता रमाबाईंचंही तसंच. इंग्लंडमध्ये वॉन्टेजच्या भगिनींकडे, म्हणजे नन्सकडे, असताना त्यांनी लंडनच्या फुलम भागातलं ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठीचं घर पाहिलं, आणि भगिनींना विचारलं, तुम्ही या बायकांची एवढी काळजी का घेता? उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी मागणारा, त्या बाईशी भर दुपारी वाद घालत बसणारा येशू. १८८३ मध्येच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे धर्मसिद्धान्तांवरून त्याच भगिनींशी त्यांनी पत्रांतून जे भांडण मांडलं, ते वाचलं की कळतं, या विद्यार्थिनीने प्रश्न विचारणं सोडलं नव्हतं. आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी तशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभारलं. विचारलेला प्रश्न असा काही वर्षांनी इमारत होऊन उभा राहिला.

माझ्याकडे इमारत वगैरे काही नाही. शाळेची स्टाफरूम आहे.

सकाळी शाळेकडे जाताना वाटेत मजुरांचा अड्डा लागतो. घमेली, थाप्या, डब्याच्या पिशव्या घेऊन बायामाणसं उभी असतात. मुकादमाची गाडी आली की गराडा पडतो, धडधाकट तरुण आधी उचलले जातात. दहा-अकरानंतर जे उरतात, ते वयस्कर, नाहीतर कडेवर पोर असलेल्या बायका. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला हा असाच, बाजारात उभ्या असलेल्या मजुरांचा आहे. मालक पहाटे माणसं घेतो, एक दिनार ठरवून, म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी. मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला पुन्हा जातो. दिवसभर रिकामे का उभे राहिलात? आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. हे वाक्य अड्ड्यावरून जाताना कानात वाजतं, कारण त्यात आळसाचा मागमूस नाही. संध्याकाळी सगळ्यांना एकच दिनार. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात: आम्ही दिवसभराचा भार आणि ऊन सोसलं, आणि यांना आमच्याबरोबर बसवलंत?

हा दाखला मी अनेक वर्षं फक्त अड्ड्यावरच्या माणसांचा समजत होते. मग मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं: १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर जे सेवेत आले, त्यांना जुनी पेन्शन लागू नव्हती. आमच्या स्टाफरूममध्ये एकाच टेबलाभोवती एकाच इयत्तेला शिकवणारे, तेवढेच पेपर तपासणारे लोक बसतात, आणि त्यांच्या म्हातारपणाची सोय मात्र नेमणुकीच्या तारखेवर ठरते. त्यातही शिक्षणसेवक म्हणून लागलेली मुलं पहिली तीन वर्षं मानधनावर. माध्यमिकला ते मानधन २०२३ पर्यंत महिना ८,००० रुपये होतं, मग १८,००० झालं. ते वाढलं तेव्हा स्टाफरूममध्ये जो आनंद झाला, त्यात एक बारीक सूरही होता: आमच्या वेळी आम्ही किती कमी पैशांत काढली, यांना आयतं मिळालं. बोलणारी माणसं वाईट नव्हती. मी स्वतः जुन्या पेन्शनवाली. तोंडाने काही बोलले नाही, पण तो सूर माझ्याही मनात लागला होता.

दाखल्याच्या शेवटी मालक कुरकुरणाऱ्याला ‘गड्या’ म्हणून हाक मारतो, मी तुझ्यावर अन्याय करत नाही म्हणतो, आणि विचारतो, तू माझ्याशी एक दिनार ठरवला नव्हतास का? जे माझं आहे त्याचं मला हवं ते करू नये का? मी उदार आहे म्हणून तुझी नजर वाईट का? तीन प्रश्न, एकाचंही उत्तर नोंदलेलं नाही. कुरकुरणाऱ्याने दिनार घेतला की फेकला, घरी जाऊन बायकोला काय सांगितलं, माहीत नाही. हा दाखला अर्थशास्त्र म्हणून चालवायचा तर दुसऱ्या दिवशी पहाटे मळ्यावर कोणी यायचं नाही, हेही मला कळतं. आमच्या विज्ञानाच्या सरांनी ते मला हसत सांगितलंही. पण त्या मालकाने माझ्याकडे पाहून विचारलेला प्रश्न मळा कसा चालवायचा याचा नव्हता. नव्या शिक्षणसेविकेशी मी त्यानंतर कशी वागले, ते तिला विचारलं तर ती सांगेल. एवढं खरं, की स्टाफरूममध्ये त्या सुराचं बोलणं निघालं की आता मी चहाला उठत नाही, मध्ये बोलते.

येशूचा आणखी एक गुण शिक्षक म्हणून मला अतिशय हेवा वाटावा असा आहे. तो विद्यार्थ्याकडून हरू शकतो. सोर प्रांतात एक सुरफुनीकी बाई मुलीसाठी गयावया करत येते. तो जे बोलतो ते कानाला कठोरच लागतं: मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नाही. या वाक्याची सारवासारव करणारे उपदेश मी खूप ऐकलेत; कुत्री म्हणजे घरातली लाडकी पिल्लं, तो तिची परीक्षा पाहत होता, वगैरे. असेलही. मला त्या बाईचं उत्तर पुरतं. खरंय प्रभू, पण मेजाखालची कुत्रीही मुलांच्या हातून पडलेला चुरा खातात. आणि येशू मार्कात काय म्हणतो? तुझ्या या बोलण्यामुळे, जा, तुझी मुलगी बरी झाली. तुझ्या बोलण्यामुळे! परदेशी, परधर्मी बाईचा मुद्दा बिनतोड आहे, हे मान्य केलं. आमच्याकडे आठवीतल्या पोरीने फळ्यावरची चूक दाखवली, तर ‘आधी जागेवर बस’ हे पहिलं वाक्य असतं.

आता वाटणीकडे येते. हे लिहावं की नाही यावर बरेच दिवस घोळ घातला, पण रोजच्या जगण्यात येशूकडून शिकणं म्हणजे काय, हे मला इथे सगळ्यात स्पष्ट कळलं, किंवा कळतंय.

राहुरी तालुक्यात वडिलांचं घर आणि थोडं रान. ते मृत्युपत्र न करता गेले, आई त्यांच्या आधीच गेली होती. ख्रिस्ती कुटुंबांना वारसाहक्कासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. वडिलांच्या मागे जे राहिलं त्यात सगळ्या मुलांचा वाटा सारखा. म्हणजे बहिणींच्या हक्कासाठी इतर समाजात जो झगडा झाला, तो आमच्या कायद्यात आधीच मिटलेला आहे. कायद्यात. प्रत्यक्षात आमच्याकडेही बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची असते, आणि केली की ती गुणी. दादाने कागद तयार करून पुतण्याबरोबर पाठवला. सोबत शेवग्याच्या शेंगा आणि गावरान अंडी.

मी सही केली नाही. रागाच्या भरात लूकचा बारावा अध्याय उघडला, कारण मला आठवत होतं की तिथे कोणीतरी नेमकं हेच विचारलं आहे. गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा ना, मला वतनाची वाटणी दे म्हणून. इतकी साधी, इतकी न्याय्य मागणी. येशू म्हणतो, अरे गृहस्था, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? मग तो हव्यासाबद्दल सावध करतो आणि मोठी कोठारं बांधायला निघालेल्या श्रीमंताचा दाखला सांगतो. खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला. हव्यासाचा धडा ज्याने अडवून धरलंय त्याला द्यायचा की जो आपलं मागतोय त्याला? आमचा वकील याहून बरं बोलला होता. आणि मंडळीत हा उतारा ‘बहिणींनी सही करावी’ याच बाजूने वापरला जातो, हेही मला ठाऊक होतं. एका नात्यातल्या वडीलधाऱ्याने तो तसा वापरूनही दाखवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्याने तो सोयीने वाचला होता. येशूने त्या माणसाला वाटणी मागू नको, असं कुठे म्हटलंय? मी निवाडा करणार नाही, एवढंच म्हटलंय. ज्याला दोन्ही बाजूंकडून ओढलं जातं, त्याने दोन्ही बाजूंना नकार दिला.

न्यायाधीश मिळाला नाही, तसा दुसरा प्रश्न पुढे आला. यरीहोच्या वाटेवर ओरडणाऱ्या आंधळ्या बार्तीमयाला येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तरी त्याच्या तोंडून वदवून घेतलं. मला काय हवंय? रान? मी ते कसणार नाही. पैसे? नको म्हणणार नाही, पण त्यासाठी झोप उडाली नव्हती. खूप उशिराने जे सापडलं ते असं, की कागद पुतण्याबरोबर आला याचा मला राग होता. दादा स्वतः आला नाही, विचारलं नाही. मी सही करणारच, हे त्याने धरून चाललं होतं. मी फोन केला आणि तेवढंच सांगितलं. कागदाबद्दल नंतर बोलू, आधी तू ये.

तो आला. वहिनीही आली. बोलणं गोड झालं नाही. तुला तिकडे नोकरी आहे, पुढे पेन्शन आहे, तुला कशाला कमी पडलंय, असं तो म्हणाला. आणि मग जे म्हणाला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईचं आजारपण, रात्री-अपरात्री नगरला दवाखान्यात नेणं, वडिलांचे शेवटचे महिने, दुष्काळात विकलेली जनावरं, ते सगळं त्याने आणि वहिनीने काढलं होतं. मी रविवारी फळं घेऊन जायचे, आणि माझं कौतुक व्हायचं. ‘तू आलीस की आई खाटेवर उठून बसायची,’ तो म्हणाला, ‘आम्ही तर रोजचेच.’

लूकचा पंधरावा अध्याय त्या रात्री मी पुन्हा वाचला. त्यात हरवलेल्या मुलाची गोष्ट आहे: धाकटा आपला वाटा घेऊन उडवतो आणि परत येतो, बाप पुष्ट वासरू कापून मेजवानी देतो, आणि शेतातून आलेला थोरला रुसून बाहेरच थांबतो. तोवर मी त्या गोष्टीत कोण, हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. उपदेशात सगळेच धाकटे असतात. इतकी वर्षं मी तुमची सेवा करतो, तुमची आज्ञा कधी मोडली नाही, तरी मित्रांबरोबर मजा करायला मला कधी करडूसुद्धा दिलं नाही, हे थोरल्याचं बोलणं पहिल्यांदाच मला एका ओळखीच्या आवाजात ऐकू आलं. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, जे माझं ते सगळं तुझंच आहे म्हणतो, आणि गोष्ट अंगणातच संपते. थोरला आत गेला की नाही, येशू सांगत नाही. परूशी आणि शास्त्री कुरकुर करत होते म्हणून ही गोष्ट सांगितली, असं लूक सुरुवातीला म्हणतो. म्हणजे शेवट त्यांनी करायचा होता.

आमचा शेवट अजून झालेला नाही. वहिनीचं नावही कागदात यावं, असं मी सुचवलं आहे, कारण राबली ती आहे आणि कायद्याच्या हिशेबात ती कुठेच नाही. दादाला हे विचित्र वाटतं. वहिनी काही बोलत नाही, पण परवा तिने स्वतःहून फोन केला, इकडचं तिकडचं बोलली. माझा वाटा किती आणि त्यातला मी किती ठेवणार, यावर माझं मत महिन्यागणिक बदलतं.

शाब्बाथ शाळेत मग मी तो दाखला घेतला. गाइड बंद करायचं ठरवलं होतं. गोष्ट वाचून दाखवली आणि म्हटलं, थोरला आत गेला का, ते तुम्ही सांगा. दोन-तीन जणांनी ठरल्याप्रमाणे ‘गेला, कारण येशू क्षमा करायला शिकवतो’ हे उत्तर दिलं. एक मुलगी म्हणाली, गेला असेल, पण जेवला नसेल. मागच्या बाकावर एक शेतकऱ्याचा मुलगा बसतो, एरवी खिडकीबाहेर बघणारा. त्याने विचारलं, बाई, वासरू कोणाचं होतं?

मी म्हटलं, म्हणजे?

‘वाटणी आधीच झाली होती ना. धाकट्याने त्याचं विकून उडवलं. मग राहिलं ते थोरल्याचं. बाप म्हणतोच की जे माझं ते तुझं. मग वासरू पण थोरल्याचंच. त्याला न विचारता कापलं.’

वर्ग जागा झाला. बाप जिवंत असेपर्यंत सगळं बापाचंच, असं एक जण म्हणाला. मग वाटणी कशाला केली, दुसऱ्याचा प्रश्न. एकीचं म्हणणं, वासरू कोणाचं हा प्रश्नच नाही, भाऊ परत आला तर कोणी विचारतं का. तिच्या शेजारची म्हणाली, विचारतात, आमच्याकडे विचारतात. कोणीतरी म्हणालं, त्याला शेतातून बोलवायला माणूस पाठवायला काय झालं होतं, वाजंत्री ऐकून त्याला कळावं लागलं. हे मी पन्नाशी ओलांडेपर्यंत वाचलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, उत्तर सांगा म्हणून. मी त्यांना म्हटलं, मलाही हे ठरवायचं आहे, तुम्ही बोला. उपासनेची घंटा झाली तरी ते थांबेनात. पाळकसाहेब दारात येऊन उभे राहिले, कसला गोंधळ म्हणून, तर त्या मुलाने त्यांनाच विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, तू थोरला असतास तर वासरू दिलं असतंस का? मुलगा म्हणाला, ‘दिलं असतं. पण विचारायला पाहिजे होतं.’